वाचकांचे प्रश्न: कूस एकीची, मूल कोणाचे?

प्रश्न: इटलीत सरोगसी, म्हणजे दुसऱ्यांसाठी गर्भ वाहून मूल जन्माला घालणे, हा गुन्हा आहे, अमेरिकेतील काही राज्यांत ती रीतसर करार करून, मोबदला देऊन होते, तर ब्रिटनमध्ये तिला मुभा आहे पण तिचा धंदा करायला नाही. एकाच गोष्टीबद्दल देशादेशांत इतका टोकाचा फरक का? आणि नैतिकदृष्ट्या बरोबर कोण?

उत्तर: गर्भ वाहण्याचा निर्णय ही स्त्रीने स्वतःच्या शरीराबद्दल केलेली निवड मानायची, की शरीराचा सौदा मानायचा, यावर हा सारा फरक उभा आहे. फ्रान्सने १९९४ साली आपल्या नागरी संहितेत असे करार मुळातच रद्दबातल ठरवले, कारण मानवी शरीर हा देवाणघेवाणीचा विषय होऊ शकत नाही, अशी तेथील कायद्याची धारणा आहे. इटलीत २००४ पासून बंदी होतीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील संसदेने इटालियन नागरिकांनी परदेशात जाऊन केलेली सरोगसीही गुन्हा ठरवली आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दहा लाख युरोपर्यंत दंड ठेवला. याउलट कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली असे म्हटले की, बीजांड एकीचे आणि प्रसूती दुसरीची असेल, तर मूल जन्माला घालून वाढवण्याचा हेतू जिचा होता, तिलाच आई मानावे.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा कोणालाही सहज झटकता येणार नाही. पैसा श्रीमंत घरातून गरीब घराकडे वाहतो आणि धोका मात्र गरीब स्त्रीच्या वाट्याला येतो. स्त्रियांवरील हिंसाचारविषयक संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२५ साली सरोगसी सर्वच स्वरूपांत जगभर बंद करण्याची मागणी केली, ती याच आधारावर. समर्थकांचे उत्तर असे, की हीच स्त्री याहून कमी पैशांत याहून धोक्याची कामे करते तेव्हा तिच्या संमतीबद्दल कोणी शंका घेत नाही. मग इथेच तिला अजाण का समजायचे? हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो, पण पुरा वाटत नाही. कोणतेही काम संध्याकाळी सोडून घरी जाता येते, गर्भारपण तसे सोडता येत नाही. एकाहून अधिक गर्भ राहिले तर त्यांची संख्या कमी करायची का, सिझेरियन करायचे का, दोष आढळल्यास गर्भपात करायचा का, हे प्रश्न नऊ महिन्यांत कधीही उभे राहतात, आणि त्यांचा निर्णय करारातील एखाद्या कलमाने आधीच दुसऱ्याच्या हाती दिला असेल, तर त्या स्त्रीचे शरीर खरोखरच गहाण पडलेले असते.

म्हणून पैसे दिले की नाही, एवढ्यावरून मी नैतिकतेचा निवाडा करणार नाही. गरोदरपणात त्या स्त्रीच्या शरीराबद्दल अखेरचा शब्द कोणाचा, हे मी आधी पाहीन. फेब्रुवारी २०२१ पासून लागू असलेल्या न्यूयॉर्कच्या कायद्यात मोबदल्याला परवानगी आहे, मात्र गर्भ ठेवणे किंवा न ठेवणे यासह प्रकृतीविषयीचे सर्व निर्णय सरोगेट स्त्रीच घेईल, तिला स्वतःच्या पसंतीचा स्वतंत्र वकील मिळेल आणि त्याची फी इच्छुक पालक, म्हणजे ज्यांना मूल हवे आहे ते, भरतील, अशी स्पष्ट तरतूद आहे. असे संरक्षण न देणाऱ्या बिनमोबदल्याच्या व्यवस्थेपेक्षा मला ही व्यवस्था अधिक न्याय्य वाटते.

सरसकट बंदीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. भारत, थायलंड आणि नेपाळ यांनी २०१५ साली परदेशी लोकांसाठी दारे बंद केली, तेव्हा हा व्यवसाय कंबोडियात सरकला. कंबोडियाने २०१६ साली बंदी घातली आणि २०१८ साली पोलिसांनी तीसहून अधिक गरोदर सरोगेट स्त्रियांना पकडून त्यांच्यावर मानवी तस्करीचे आरोप ठेवले. पुढे त्यांची सुटका झाली, पण पोटातले मूल, जे रक्ताच्या नात्याने त्यांचे नव्हते, त्यांनी स्वतः वाढवावे या अटीवर. शोषणापासून जिला वाचवायचे, तिलाच गुन्हेगार ठरवणारा कायदा कोणाचे भले करतो?

प्रश्न: परदेशात सरोगसीने जन्मलेल्या बाळांना पासपोर्ट मिळत नाही असे ऐकले. असे खरोखर घडते का?

उत्तर: घडले आहे, आणि यात बाळाचा कणभरही दोष नसतो. जुलै २००८ मध्ये एका जपानी दाम्पत्यासाठी भारतातील सरोगेट मातेने मुलीला जन्म दिला. जन्माच्या सुमारास ते दाम्पत्य विभक्त झाले होते. पत्नीला मूल नको होते, बीजांड अनामिक दात्रीचे होते, आणि सरोगेट मातेने तर मूल दुसऱ्यांसाठीच वाहिले होते. आई म्हणून नोंदवायला कोणीच पुढे नव्हते. जपानच्या कायद्यात प्रसूत होणारी स्त्री हीच आई, त्यामुळे तिकडून पासपोर्ट मिळेना. आईचा पत्ता नसल्याने भारतीय पासपोर्टही अडला. वडिलांचा व्हिसा संपला आणि त्यांना परतावे लागले. तान्ह्या मुलीजवळ आजी राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जपानने माणुसकीच्या भूमिकेतून व्हिसा दिल्यावर ती मुलगी आजीबरोबर गेली.

फ्रान्सचे उदाहरण याहून लांबलेले आहे. एका फ्रेंच दाम्पत्याच्या जुळ्या मुली २००० साली कॅलिफोर्नियात सरोगसीने जन्मल्या. त्यांचे नाते नोंदवायला फ्रान्सने नकार दिला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१४ साली या नकारामुळे मुलींच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला, तरी दोन्ही पालकांशी असलेले त्यांचे नाते फ्रान्समध्ये कायम व्हायला २०१९ उजाडले. तोवर त्या सज्ञान झाल्या होत्या. पालकांनी कायदा मोडला म्हणून मुलांची ओळख अडवून ठेवणे मला कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय वाटत नाही.

प्रश्न: भारताच्या कायद्याने मोबदला बंद केला. मग शोषण थांबले असे म्हणता येईल का?

उत्तर: एका प्रकारचे शोषण नक्कीच रोखले गेले. जानेवारी २०२२ मध्ये लागू झालेल्या सरोगसी (नियमन) अधिनियमानुसार वैद्यकीय व तत्सम ठरावीक खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा याव्यतिरिक्त सरोगेट मातेला काहीही देता येत नाही. ती २५ ते ३५ वर्षांची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली आणि स्वतःचे मूल असलेली असावी लागते, आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी तिला संमती मागे घेता येते, ही तरतूद चांगली आहे.

परंतु फुकट गर्भ वाहायला परकी स्त्री सहसा पुढे येत नाही, आणि मग नजर नात्यातल्या जावेकडे, वहिनीकडे वळते. पैशाचा दबाव निदान दिसतो तरी. ‘घरच्यांसाठी एवढे करणार नाहीस का’ हा दबाव कोणत्याही कागदावर उमटत नाही, आणि तो झुगारणाऱ्या स्त्रीला त्याच घरात राहायचे असते. तिची संमती घरच्यांच्या गैरहजेरीत, स्वतंत्र समुपदेशकाने पुन्हा पुन्हा विचारून घेतली पाहिजे. अविवाहित स्त्रिया, एकटे पुरुष आणि समलिंगी जोडपी यांना या कायद्याने वगळले आहे. शोषण रोखण्याशी त्याचा काय संबंध, हे मला कळलेले नाही.

प्रश्न: सरोगेट मातेने बाळ द्यायला नकार दिला तर?

उत्तर: उत्तर देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये जन्म देणारी हीच कायदेशीर आई असते. करार बंधनकारक नसतो, आणि इच्छुक पालकांना कायदेशीर पालक ठरवणाऱ्या न्यायालयाच्या आदेशासाठी तिने दिलेली संमती बाळ सहा आठवड्यांचे होण्यापूर्वी ग्राह्य धरली जात नाही. ग्रीसमध्ये २००२ च्या कायद्यानुसार न्यायालयाची परवानगी गर्भधारणेआधीच घ्यावी लागते, त्यामुळे आई कोण हा प्रश्न सहसा प्रसूतीनंतरपर्यंत लोंबकळत राहत नाही. ब्रिटनच्या कायदा आयोगांनी मार्च २०२३ मध्ये मधला मार्ग सुचवला: आधी छाननी व समुपदेशन झाले असेल, तर इच्छुक पालक जन्मापासूनच कायदेशीर पालक व्हावेत, मात्र जन्मानंतर सहा आठवड्यांपर्यंत सरोगेट मातेला संमती मागे घेण्याची संधी असावी. माझ्या मते बाळाच्या पालकत्वाची निश्चिती आणि त्या स्त्रीचा शब्द या दोहोंचा मान याच शिफारशीत सर्वांत नीट राखला गेला आहे.