गोव्यात बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सरकारी नोकरी मिळू शकते का? (भाचा २४ वर्षांचा, मडगाव, प्रमाणपत्र ५५ टक्के)

हो, मिळू शकते, आणि राखीव जागेवर मिळू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३४ सरकारी पदांत किमान ४ टक्के आरक्षण देतं. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात या मुलांना नोकरीत आरक्षणच नव्हतं, म्हणून कित्येक पालक आजही अर्जच भरत नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटतं. प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचं हवं, ते तुमच्याकडे आहे.

मी अशा पालकांचे अर्ज भरून देते, त्यावरून सांगते: जाहिरातीत एकूण जागांचा आकडा बघून थांबू नका. दिव्यांगांच्या रकान्यात कुठला प्रकार लिहिलाय ते वाचा. तिथे फक्त अस्थिव्यंग किंवा कर्णबधिर असेल तर ती जागा त्याच्यासाठी नाही. हे कागद आधीच काढून ठेवा:
- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र)
- १५ वर्षांचा रहिवासी दाखला
- शाळेचे दाखले

पण एक आहे, आरक्षण असलं तरी पदाची शैक्षणिक अट सहसा सुटत नाही आणि कोंकणी यावीच लागते. रुजू झाल्यावर मात्र कामात सोय मागणं त्याचा हक्क आहे (कलम २०). टपालावर शिक्के मारणं, फायली नंबरवार लावणं, जे त्याला नीट जमतं ते पहिल्याच दिवशी साहेबांना लेखी द्या. डावललं तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते.