मुलाला चारशे हॉर्सपॉवरची गाडी हवी आहे

प्रश्न : माझा थोरला मुलगा २६ वर्षांचा आहे, जहाजावर नोकरीला असतो. या सुट्टीत त्याने बेंगळुरूची एक सेकंड हँड फोर्ड मस्टँग पाहून ठेवली आहे. निम्मे पैसे त्याचे, निम्मे मी घालावेत असे म्हणतो. तो दारूला शिवत नाही, लायसन्स आहे, कधी चलनसुद्धा झालेले नाही. त्याचे म्हणणे, ‘‘आई, गावात मी हळूच चालवीन. पळवायची ती फक्त हायवेवर, रात्री रस्ता मोकळा असताना. आणि गाडीत एअरबॅग, एबीएस सगळे आहे.’’ धाकटा १७ वर्षांचा, तोही भावाच्याच बाजूने. मला गाडीतले काही कळत नाही, पण मन घेत नाही. माझी भीती उगाच आहे का?
— एक आई, वेर्णा

उत्तर : ताई, तुमची भीती मुळीच उगाच नाही. पैसे घालू नका. हे आधीच सांगून टाकतो आणि मग का ते सांगतो, म्हणजे मुलाशी बोलताना तुमच्या हाताशी काहीतरी असेल.

मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरीत असताना अपघातातल्या गाड्या तपासून पोलिसांना अहवाल देणे हे माझ्या कामातच होते. ‘ब्रेक लागलेच नाहीत’ हे वाक्य मी चालवणाऱ्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! एक गाडी मला अजून नीट आठवते. महागडी, ताकदवान, जवळजवळ नवी. पोलीस ठाण्याच्या आवारात आंब्याखाली उभी होती, पुढचा भाग पार आत गेलेला. मी पेडल दाबून बघितले तर कडक. ब्रेक ऑइल भरलेले. चाक उतरवून पाहिले तर पॅड चांगले जाड. मग जागेवर गेलो. टायरचे काळे पट्टे रस्त्यावर दिसत होते, पण ते चिऱ्यांच्या कुंपणाच्या जेमतेम दोन गाड्यांइतके अलीकडे सुरू होत होते. ब्रेक शाबूत होते, त्यांना जागाच मिळाली नव्हती.

ही जागा किती लागते ते मुलाला कागदावर मांडून दाखवा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटरला तेवढ्यात गाडी २५ मीटर जाते, आणि मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. म्हणजे ४५. वेग दुप्पट करून १२० केला तर पहिले अंतर दुप्पट होते, ५० मीटर. पण ब्रेकचे अंतर चौपट होते, ८० मीटर. एकूण १३०. आता रात्रीचे बघा. डिपरचा उजेड साधारण ४०-५० मीटरपर्यंत कामाचा असतो. त्यापलीकडे काळी म्हैस बसलेली असो, बंद पडलेला बिनदिव्याचा टिप्पर असो, नाहीतर जत्रेहून परतणारी माणसे असोत, ती उजेडात येतात तेव्हा तुमच्या मुलाच्या हातात काही उरलेले नसते. तो ज्याला मोकळा रस्ता म्हणतो तो फक्त न दिसणारा रस्ता आहे. पावसाळ्यात गुरे कोरडी जागा शोधत डांबरावर येऊन बसतात, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

पण ताई, मला त्याच्याइतकीच काळजी वाटते ती दुसऱ्या माणसाची. आपला राष्ट्रीय महामार्ग ६६ चौपदरी झाला, झुआरीवर नवा पूल झाला, पण त्याला गावातल्या वाटा येऊन मिळतात त्या मिळतातच. संध्याकाळी स्कूटरवर मागे मुलीला बसवून कोणी वहिनी त्या तोंडाशी उभी असते. ती उजवीकडे बघते, दीडशे मीटरवर दोन दिवे दिसतात. दिवे किती लांब आहेत हे तिला कळते, किती वेगाने येताहेत हे समोरून कळत नाही. सवयीने ती समजते, ६०ने येत असेल, म्हणजे ९ सेकंद आहेत. गाडी १२०ने येत असेल तर तिच्याकडे साडेचारच आहेत. थांबलेली स्कूटर हलवून रस्ता ओलांडायलाच तेवढे लागतात. तिने काहीही चूक केलेली नाही. साध्या गाडीला १२०पर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आवाज चढतो, स्टिअरिंग थरथरते, आतल्या माणसाला जाणीव होते. मस्टँगच्या ५ लिटरच्या इंजिनात जवळजवळ ४०० हॉर्सपॉवर आहे. मारुती ८००ला ४०च्या आसपासच होती. सिग्नलवरून सुटून शंभर गाठायला मस्टँगला पाचेक सेकंद पुरतात आणि आत बसलेल्याला सगळे शांतच वाटते.

‘मी पिऊन चालवत नाही’ हे तुमच्या मुलाचे म्हणणे खरे आहे आणि मला त्याचे कौतुक आहे. आपल्या गोव्यातल्या बाणस्तारीच्या पुलावर ६ ऑगस्ट २०२३ला मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवले, चालवणारा १७ वर्षांचा. या दोन्ही वेळी सगळी चर्चा दारूची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण दारू वजा केली म्हणजे वेग सुरक्षित होतो असे कोणी धरून चालू नये.

आता गाडीविषयी. ही मागच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्याच चाकांना मिळतो. वळणातून बाहेर पडताना जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला की शेपूट सरकते. घाबरून पाय पटकन उचलला तर ते आणखी सरकते, आणि नवखा माणूस नेमके हेच करतो. सावर्डे-कुडचड्याकडे खनिजाची लाल धूळ पहिल्या सरीत भिजते तेव्हा तो रस्ता किती निसरडा होतो ते तुम्हाला माहीत असेल. गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, पण ती एका बटणाने ढिली किंवा बंद करता येते आणि मुलांना मजा त्यातच वाटते. शिवाय यंत्रणा कितीही हुशार असली तरी रस्त्याला धरून असतात ते चार टायरचे तळहाताएवढे चार तुकडे. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतात.

टायरवरून आठवले. सेकंड हँड स्पोर्ट्स कार फार कमी चाललेली असते, म्हणून टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र जुने, कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात : २३१७ म्हणजे २०१७चा २३वा आठवडा. पॉल वॉकर हा नट ३० नोव्हेंबर २०१३ला कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटीमध्ये गेला. गाडी ६००हून अधिक हॉर्सपॉवरची, सावरणारी यंत्रणा नसलेली, आणि टायर ९ वर्षांचे. वेगमर्यादा ७२च्या आसपास होती, तपासात वेग १३० ते १५० निघाला. चालवणारा त्याचा मित्र स्वतः शर्यतीत उतरणारा होता. दिवसाढवळ्या, दोघेही गेले.

एअरबॅगचे म्हणाल तर महाग गाडी सुरक्षितच असते असे नाही. २०१७च्या सुरुवातीला युरो एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या युरोपातल्या संस्थेने याच मस्टँगला ५ पैकी २ तारे दिले होते. कंपनीने सुधारणा केल्यावर त्याच वर्षी ३ झाले. आणि फोर्डने २०२१ साली भारतात गाड्या बनवणे बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सुटे भाग कुठून आणणार, तेही विचारा.

धाकट्याची मला वेगळी धास्ती वाटते. थोरला सहा-सहा महिने जहाजावर, गाडी घरी, चावी कपाटात. १८ पुरी नसताना त्याने ती रस्त्यावर काढून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

मुलाला नुसते नाही म्हणू नका, त्याची हौस खरी आहे. तिला जागा आहे, ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर. तिथे समोरून कोणी येत नाही, कडेला झाड नाही, शिकवणारा असतो. गोव्यात तसा ट्रॅक नाही, पण सुट्टीत जाऊन यायला त्याला काय अडचण आहे? त्याआधी एक करा. सूर्य मावळल्यावर त्याला घेऊन तुमच्या गावच्या फाट्यावर उभ्या राहा. लांबचा एक खांब ठरवा, येणाऱ्या गाड्या खांबापासून तुमच्यापर्यंत किती सेकंदांत येतात ते त्याला मोबाइलवर मोजू दे, आणि दर वेळी आधी विचारा : आता स्कूटर घातली असतीस का?

प्रश्न : शनिवारी रात्री आमच्या घरासमोरच्या सरळ रस्त्यावर मुले गाड्यांच्या शर्यती लावतात. बोललो तर वाईटपणा येतो. काय करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : शर्यत चालू असतानाच ११२ला फोन करा. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीतून सहसा काही निघत नाही. जागा, गाड्यांचे नंबर आणि त्या कुठल्या दिशेला गेल्या एवढे सांगितले तरी पुरे. अडवायला रस्त्यावर उतरू नका आणि दगड तर अजिबात ठेवू नका, त्यावर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल आदळेल. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत हा कलम १८९चा गुन्हा आहे : पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा १०,०००पर्यंत दंड किंवा दोन्ही. वाईटपणाचे म्हणाल तर एकट्याने जाऊ नका. चार घरांच्या सह्या घेऊन ग्रामसभेत विषय मांडा आणि त्या सरळ पट्ट्यावर गतिरोधकाची मागणी करणारा ठराव करून घ्या. गतिरोधकावर पांढरे पट्टे आणि आधी फलक हवा, हेही त्याच ठरावात लिहा.