चांगले दिवस आले की देवाचा विसर पडतो. त्याने केलेलं लक्षात कसं ठेवायचं?

प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग मोठ्या भावाची आठवण आली. तुम्ही लिहिलंय की अडचणीत देवाला हाका मारल्या, निभावलं, आता सगळं सुरळीत आहे तर हात जोडायचीही आठवण राहत नाही. पोथी लावू का देणगी देऊ, असंही विचारलंय. देणगीवर शेवटी बोलतो, तो माझा दुखरा विषय आहे.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. घरी कानबाई देवी बसते. खानदेशाबाहेरच्यांसाठी एवढंच: श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी चौरंगावर, केळीच्या खांबांमध्ये, नारळाच्या रूपात बसते, रात्रभर बायकांची गाणी होतात, सोमवारी सकाळी नदीवर बोळवण. आणि रोट, म्हणजे जाड पोळ्या. रोटासाठी गहू अन् हरभऱ्याची डाळ मुठीने मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातलं पोरगं मोजायचं, सुरतेला कामाला गेलेलाही मोजायचा. आमच्याकडे हे रोट भाऊबंदांतच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

मी बारावी झालो त्या जूनमध्ये वादळ आलं. अडीच एकर केळी, पाच बाय पाच फुटांवर लावलेली, चार हजारांच्या वर झाडं. पंधरा दिवसांत कापणी होती, व्यापारी बाग बघून गेला होता. वारं अर्धा तासही चाललं नसेल. सकाळी गेलो तर सगळी झाडं एकाच अंगाला निजलेली, वाकून चालावं लागत होतं, कपड्यांना चिकाचे डाग. ते डाग त्या शर्टावरून कधी गेले नाहीत. वर सोसायटीचं कर्ज, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून काकांशी बोलणं बंद.

श्रावण आला. आई सूप घेऊन बसली, वडील मूठ मोजायला. डब्यात गहू तळाला गेलेले. दादा म्हणाला, "या वर्षी काय दिलं तिने, की तिला रोट करायचे?" वडील मोजतच राहिले. आमच्या घरातले झाले आणि त्यांनी काकांचं नाव घेतलं. मग काकांच्या दोन्ही पोरांचं. आईने सूप मागे ओढलं. वडील एवढंच बोलले, "तो येवो का ना येवो, त्यानी मूठ काढनीच पडी." म्हणजे त्याची मूठ काढावीच लागेल.

काका आले नाहीत. तीन माणसांचे जास्तीचे रोट आम्हालाच संपवावे लागले. शेवटचे तर गुळवणीत बुडवल्याशिवाय दातांनी तुटत नव्हते.

त्या बागेचं पुढे काय झालं तेही सांगतो. मुळासकट उपटलेली झाडं गेली. मधून मोडलेली बुंध्याशी कापली, त्यांच्या कडेला पिलं फुटली होतीच, वडिलांनी त्यांच्यावर खोडवा, म्हणजे त्याच बुंध्यांवरचं पुढचं पीक, धरला. पुढच्या वर्षी त्याच खोडव्यावर सोसायटी फिटली. दादा आजही म्हणतो, हा केळीचा गुण आहे, देवीचा काय संबंध. केळीचा गुण वडिलांना माहीत नव्हता का? आयुष्य बागेत गेलं त्यांचं. त्यांचं म्हणणं असायचं, पिलं आपण नाही फोडली. त्यावर ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत, मूठ काढत राहिले.

पुढे आमचे दिवस फिरले. ठिबक आलं, टिश्यू कल्चरची रोपं आली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दादाने फोन करून सांगितलं, "बघ, हे कष्टाचं फळ." कष्ट होतेच, नाही कोण म्हणतं? पण तेव्हापासून त्याच्या बोलण्यातून 'मी' जाईना. जळगावला घर बांधलं, रोटाला येणं बंद केलं. गावच्या मंदिराला ५१,००० दिले आणि पायरीवर फरशी बसवून घेतली. त्याचं नाव मोठ्या अक्षरात, खाली वडिलांचं 'स्मरणार्थ' बारीक. पंढरपूरला महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची. वारकऱ्यांचे पाय लागावेत म्हणून तो माणूस पायरी झाला. आमच्या दादाच्या फरशीवर पाय पडला तर पुजारी ओरडतो.

तर देणगीने देव लक्षात राहत नाही, देणारा लक्षात राहतो. तुम्हाला माझा सल्ला: तुमच्या घरात वर्षातून एकदा करायची जी कटकटीची गोष्ट चालत आली असेल, ती स्वतःच्या हाताने करा. ऑर्डर देऊन नाही. आणि भाव पडलेल्या वर्षी जशी केली तशीच भाव चढलेल्या वर्षी करा, एक मूठही जास्त नाही. वाढवली की समजा, मिरवायला लागलात. पोथी लावायची तर लावा, माझा त्यात अभ्यास नाही.

आता थोडं माझ्याविरुद्ध. फरशीच्या पैशातूनच मंदिराचं गळणारं छत झालं, हे खरं आहे. बायकोचं म्हणणंही खरं आहे: दळण आम्ही आणायचं, रोट आम्ही थापायचे, रात्रभर गाणी आम्ही म्हणायची आणि मूठ तुमच्या नावाची? यावर माझ्याकडे उत्तर नाही. गेल्या वर्षापासून मुलीच्या नावाची मूठ काढतो, आई बघून न बघितल्यासारखं करते.

आणि मीही एकदा चुकलोय. त्या श्रावणात केळीला असा भाव होता की तीन दिवस मी शेतात गाड्याच भरत होतो. रविवार कधी गेला कळलं नाही. सोमवारी रात्री घरी आलो तर ताटात रोट, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर. वडील तोवर गेले होते. आईने एकटीने मोजली होती. "माझी काढली?" विचारलं तर म्हणाली, "तू काय मेला व्हता का?" दादाचीही काढली होती.

या श्रावणात मी दादाची आणि त्याच्या मुलाची मिळून अडीच मुठी काढल्या. फोन केला होता, बघतो म्हणाला. पौर्णिमेच्या आदल्या रात्री त्यांच्या वाटचे आम्हीच संपवले. शेवटचा मी खाल्ला, गुळवणीत बुडवूनही कडक होता.