मालिका-सिनेमांत सावळी, आदिवासी माणसं दिसली नाहीत तर खरंच काय फरक पडतो?

पडतो, आणि खूप पडतो. मी नाशिकला शिकवते. वर्गात सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडच्या कोकणा, महादेव कोळी जमातींच्या मुली असतात. गॅदरिंगला ‘आदिवासी नृत्य’ ठरलं की शहरातली मुलं तोंडाला काळं फासतात, डोक्याला पिसं खोचतात आणि ‘झिंगालाला’ ओरडत सुटतात. हे त्यांनी पेठला कुठे पाहिलंय? पडद्यावरच पाहिलंय. तिकडे पावरी या फुंकवाद्याच्या सुरावर नाचतात, बोहाडा या उत्सवात मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवतात. त्या मुली मात्र तेव्हा मान खाली घालून बसतात. मला ते बघवत नाही.

रंगाचंही तेच. २०१९ साली सुरू झालेली ‘रंग माझा वेगळा’ ही सावळ्या नायिकेची मालिका, पण रेश्मा शिंदे यांना मेकअपने सावळं केलं होतं. सावळ्या मुलीची गोष्टसुद्धा सावळ्या मुलीच्या वाट्याला येऊ नये? ‘फँड्री’ सिनेमात सोमनाथ अवघडेला घेतलं, तर त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे चेहरे आहेत, निवडणारे हवेत.

भारतीय सिनेमाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. तिथल्याच डोंगरातल्या मुलींना पडद्यावर आपल्यासारखं कुणी अजून सापडत नाही.