विषय आतड्याचा, मोजमाप यकृताचं!

औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातून लिहिलेलं तुझं पत्र वाचलं. मार्गदर्शकांनी प्रबंधाला विषय दिलाय: आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की इतर अवयवांतल्या औषध-वाहक प्रथिनांचं (औषध पेशीच्या आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांचं) काय होतं. घरचे म्हणतात, एवढ्या बारीक विषयावर नोकरी कोण देणार? आणि तुलाही कोडं पडलंय, की इजा आतड्याला, मग यकृत का तपासायचं?

आधी कोडं. रक्त थांबतं तेव्हा नुकसान होतंच, पण ते परत सुरू होताना मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) तयार होऊन पेशी आणखी पोळतात. आतड्याचं अस्तर फाटकं झालं की जिवाणूंची विषद्रव्यं आणि इंटरल्यूकिन-6 सारखे दाहाचे निरोपे रक्तात उतरतात. आतड्याचं रक्त प्रवेशिनी शिरेतून थेट यकृतात जातं (यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग याच शिरेतून येतो), तिथून हृदयामार्गे फुप्फुसात. दाहाचे हे निरोपे यकृतपेशींतल्या वाहक प्रथिनांची निर्मिती बदलू शकतात. 1976 मध्ये सापडलेलं पी-ग्लायकोप्रोटीन हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. डिगॉक्सिनसारख्या (हे हृदयावरचं औषध) औषधाला पेशीबाहेर ढकलणं हे त्याचं काम. ते मंदावलं, तर नेहमीचाच डोस रुग्णाला जास्त होऊ शकतो, आणि डिगॉक्सिनमध्ये उपयुक्त आणि घातक पातळीत अंतर फारच थोडं असतं.

आता नोकरी. प्रबंधाचं शीर्षक बघून कुणी नेमणूक करत नाही. हाताला काय येतं ते बघतात. रक्तातलं औषध मोजणं, वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन ओळखण्याची पद्धत), औषधगतिकीची (औषध शरीरात कसं शिरतं, फिरतं आणि बाहेर पडतं याची) गणितं एवढं आलं, तर औषध कंपन्यांचे संशोधन विभाग, चाचणी प्रयोगशाळा आणि नियामक कामं तुला खुली आहेत. नव्या औषधाचा वाहक प्रथिनांशी संबंध तपासण्याबद्दल आयसीएच या औषध नियामक आणि कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची एम-12 ही मार्गदर्शिका 2024 मध्ये अंतिम झाली. म्हणजे ज्याला घरचे बारीक म्हणतात, ते काम कंपन्यांना करावंच लागतं.

एक गोष्ट मात्र तू पत्रात टाळली आहेस. या प्रयोगात उंदराला भूल देऊन त्याची आतड्याची धमनी चिमट्यानं बांधावी लागते. ते जमेल का? प्रयोगशाळेत एक दिवस नुसती बघायला जा. नाही झेपलं, तर संगणकावरच्या औषधगतिकी प्रतिमानांचं काम माग. मार्गदर्शकांना हेही विचार, की मोजमापं तू स्वतः करणार, की नमुने बाहेर पाठवणार? बाहेर पाठवणार असतील, तर मी विषय बदलून घ्यायला सांगेन.