वज्रलेपातलं ‘वज्र’ म्हणजे हिरा की इंद्राचं हत्यार?

वाईजवळच्या तुमच्या गावात ग्रामदेवतेच्या मूर्तीला वज्रलेप (झीज थांबवणारा कठीण लेप) करायचं ठरलंय आणि त्यावरून पारावर वाद पेटलाय: वज्र म्हणजे हिरा की हत्यार, आणि इंग्रजीतला ‘अ‍ॅडमंट’ (अतिकठीण, न नमणारा) त्याचाच भाऊबंद का?

हत्यार आधी, हिरा बराच नंतर. ऋग्वेदात (१.३२) देवांचा कारागीर त्वष्टा इंद्रासाठी वज्र घडवतो. ते ‘आयस’, म्हणजे धातूचं आहे. दधीचीच्या हाडांची गोष्ट पुराणांनी घरोघरी नेली, पण तिचं बीज ऋग्वेदातच (१.८४) सापडतं. शब्दाच्या मुळाशी बळ, जोर हा अर्थ आहे. ‘ओज’ आणि ‘उग्र’ त्याच घरातले मानतात. थोडक्यात, मुळात कठीणपणा नाहीच, तडाखा आहे. हाच शब्द इराणी शाखेतून फिरून फारसीत ‘गुर्ज’ (गदा) झाला आणि जुन्या मराठी शस्त्रांच्या यादीत जाऊन बसला. वज्र आणि गुर्ज सख्खे चुलत आहेत, हे पारावर सांगून बघा.

हिऱ्याला वज्र म्हणू लागले ते रत्नपरीक्षेच्या शास्त्रात, कारण त्याच्यावर दुसऱ्या रत्नाने ओरखडा उठत नाही. कठीणपणा मोजणाऱ्या मोहसच्या मोजपट्टीवर हिरा १०, कुरुंद (माणिक-नीलमाचं खनिज) ९. पण ओरखडा न उठणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हिऱ्यात चार ठरावीक दिशांना सरळ फाटणारी प्रतलं असतात. घाव नेमका तिथे बसला की तुकडा पडतो. खरा हिरा घणाने फुटत नाही, या समजुतीपायी चांगले खडे वाया जातात.

अ‍ॅडमंटचं घराणं निराळं. ग्रीक ‘अदामास’ची रूढ फोड अशी: ‘अ’ म्हणजे नाही, पुढचा भाग वश करण्याचा. आपलं ‘दमन’, ‘अदम्य’ त्याच मुळातलं. (काही अभ्यासकांना ही फोड मागाहून जुळवलेली वाटते.) अर्थ झाला अजिंक्य, आणि अजिंक्यतारा डोक्यावर असलेल्या जिल्ह्याला तो समजावून सांगायची गरज नाही. तो शब्दही आधी अभेद्य धातूला, मग हिऱ्याला लागला. अरबी-फारसीतला ‘अल्मास’ आणि इंग्रजी ‘डायमंड’ त्याचेच वंशज.

आता लेप. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावं शतक) वज्रलेपाची कृती आहे आणि तिच्यात हिऱ्याचा कणही नाही. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड एक द्रोण (जुनं मोठं माप) पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा. त्यात बोळ, गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल वगैरेंचा कल्क (वाटलेला लगदा) मिसळून गरम असतानाच लावायचा. टिकण्याची हमी एक कोटी वर्षांची. आजचा कुठलाही ठेकेदार एवढी लेखी देणार नाही. तिथेच ‘वज्रसंघात’ नावाचा धातूचा रसही दिलाय: आठ भाग शिसं, दोन भाग कांसं, एक भाग पितळ.

हल्ली वज्रलेप म्हणून बहुतेक ठिकाणी इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी कृत्रिम राळ) वापरतात. ते बिघडतं तीन कारणांनी. जुनं तेल, मेण, शेंदूर पूर्ण निघाला नसेल तर पापुद्रे सुटतात. इपॉक्सीची राळ आणि तिला कडक करणारा हार्डनर अंदाजाने मिसळले तर थर चिकटच राहतो. डब्यावरचं प्रमाण वजनाचं की मापाचं ते आधी वाचा आणि तसंच मोजून घ्या. तिसरं, ओल. रोजच्या अभिषेकाने भिजलेला पाषाण बाहेरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो आणि लेपाखाली अडकलेलं पाणी त्यालाच उचलतं. म्हणून अभिषेक आधीच थांबवून मूर्ती नीट वाळू द्या, आणि लेप पूर्ण कडक होईपर्यंत पंचामृत लांबच ठेवा. गुरवांशी हे आधी बोलून घ्या. मूर्ती जुनी असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हातच लावू नका; इपॉक्सी एकदा बसलं की दगडाला धक्का न लावता काढणं फार अवघड जातं.