केग फ्रिजवर ३ अंश दिसतात, मग ग्लासात बिअर कोमट का येते?

तुम्ही लिहिलंय की केग (बिअरचं पिंप) ठेवायच्या फ्रिजच्या डिस्प्लेवर ३ अंश दिसतात, तरी पहिला ग्लास निम्मा फेसाचा आणि कोमट येतो, म्हणून सेटिंग १ वर आणू का? नका आणू. मागच्या गार पत्र्याला चिकटलेली नळी त्याने गोठू शकते (५ टक्क्यांची बिअर उणे २ च्या आसपास गोठायला लागते) आणि पहिला ग्लास तरीही कोमटच राहील.

आधी बिअर मोजा. डिस्प्लेवरचा आकडा बहुतेक वेळा आतल्या हवेचा असतो. दार उघडलं की हवा तापते, लावलं की पटकन गार होते. केगमधल्या वीस-तीस लिटरचं तसं नाही. एप्रिलच्या उन्हातून घरी आलेला केग आतपर्यंत गार व्हायला पूर्ण दिवस लागतो, कधी दीडही. तोवर नळाला हात लावू नका.

गार पाण्याने विसळलेले दोन ग्लास घ्या आणि पाठोपाठ भरा. दोन्हींत स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर बुडवून बघा. पहिल्यात टॉवरमध्ये (फ्रिजवरचा नळाचा खांब) आणि नळीत पडून राहिलेली बिअर येते, दुसऱ्यात थेट केगमधली. दुसरा ४-५ अंशांवर आणि पहिलाच कोमट, तर दोष टॉवरचा. दोन्ही कोमट असतील तर केग अजून गार झालेला नाही किंवा फ्रिजच कमी पडतोय. बंदिस्त बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलेले फ्रिज मे महिन्यात हमखास कमी पडतात. मागे वीतभर जागा सोडा.

तुमच्या वर्णनावरून मला टॉवरचाच संशय येतो. गार हवा जड, ती तळाशी बसते. टॉवर मात्र फ्रिजच्या डोक्यावर, खोलीच्या गरम हवेत उभा. त्यातल्या तापलेल्या नळीतून बिअर वर आली की तिच्यात विरघळलेला गॅस (कार्बन डायऑक्साइड) सुटतो आणि ग्लासात नुसता फेस. यावर उपाय स्वस्त आहे. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि अडॅप्टर मिळतो. पंखा फ्रिजच्या तळाशी बसवा आणि त्याच्या तोंडाला लावलेला लवचीक पाइप टॉवरमध्ये थेट नळाच्या मागपर्यंत न्या. टॉवरच्या आतून एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम लावा. तासाभराने टॉवरला हात लावून बघा, स्टील गार लागलं पाहिजे. पावसाळ्यात त्यावर पाणी धरतं, खाली फडकं असू द्या. याच पंख्याने आतली हवा फिरती राहते आणि वर-खालच्या तापमानातला फरकही कमी होतो.

फ्रिजचा तापमान मोजणारा सेन्सर हवेत लोंबकळत असेल तर तो केगच्या पोटाला, बिअरच्या पातळीखाली, टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा दाबून बसवा. कंट्रोलरवर फरक (तापमान किती वाढल्यावर कॉम्प्रेसर सुरू व्हावा) १ अंश आणि कॉम्प्रेसरचा डिले (बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीची थांबण्याची वेळ) ५ मिनिटं ठेवा. मग दार उघडल्याबरोबर कॉम्प्रेसर धावत सुटत नाही.

तापमान स्थिरावल्यावरच गॅसच्या दाबाकडे वळा. ३-४ अंशांवर नेहमीच्या लागरला (फिकट, हलक्या बिअरला) साधारण १२ पीएसआय (दाबाचं एकक) दाब लागतो. पण दाबाचे असे तक्ते समुद्रसपाटीचे असतात. पुणे जवळपास ५६० मीटर उंचीवर आहे, इथे बाहेरच्या हवेचा दाब कमी आणि गेज त्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून इथे १ पीएसआय जास्त ठेवा. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही, आणि मग बिअर मिळमिळीत का लागते याचा शोध चालू राहतो.

वीज गेली तर घाबरू नका. भरलेला केग बंद दाराआड काही तास गारवा धरून राहतो, फक्त दार उघडू नका. फ्रीझरमध्ये बर्फाळलेले ग्लास वापरत असाल तर तेही थांबवा, त्या बर्फाच्या कणांवर फेस धरतो.

तुम्ही व्हीट बिअर (गव्हाची) आणि स्टाउटसाठी (गडद काळी बिअर) वेगळं तापमान ठेवू का असंही विचारलंय. व्हीट ६-८ अंशांना खुलते, स्टाउट १० च्या आसपास, हे खरं. तरी केग ३-४ वरच ठेवा, कारण तापमान वर-खाली केलं की गॅसचंही गणित दर वेळी नव्याने मांडावं लागतं. ग्लास भरून थोडा वेळ टेबलावर राहू द्या. थंडीत दहा-पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात पाचही पुरतात.